सेवन घटले म्हणजे व्यसन सुटले काय?

दुःखी माणसाच्या आशेला ज्या शब्दांनी पालवी फुटते, ते शब्द फार जपून वापरावे लागतात. हा नियम वैद्याला जितका लागू आहे तितकाच वार्ताहरालाही आहे. परंतु अलीकडे आमच्या वर्तमानपत्रांच्या शास्त्रीय सदरांतून एक मथळा वरचेवर झळकू लागला आहे : 'व्यसन सोडविणारे औषध सापडले.' मथळ्याखालचा मजकूर वाचावा, तो त्यात आढळते ते इतकेच की, परदेशातील एखाद्या विद्यापीठात काही उंदरांना एक नवे संयुग टोचले आणि त्यांनी मद्य, मॉर्फीन किंवा कोकेन पूर्वीपेक्षा कमी घेतले. उंदरांचे सेवन घटले, ही मूळ वार्ता. व्यसन सुटले, हा तिच्या अंगावर चढविलेला उसना दागिना. ह्या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि ते झाकून ठेवण्याने शास्त्राचेही नुकसान होते व संसारांचेही होते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कोणी म्हणेल की, एका मथळ्याचा एवढा बाऊ कशाला? चार दिवसांनी लोक तो विसरतात. सर्वच लोक विसरत नाहीत, हेच तर आमचे म्हणणे आहे. ज्या घरात कोणी मद्याच्या आहारी गेला आहे, त्या घरात असा मथळा कापून ठेवला जातो. तेथील पत्नी किंवा वृद्ध आई तो कागद डॉक्टरांपुढे ठेवून विचारते की, हे औषध आमच्यापर्यंत केव्हा येणार? आणि ते येत नाही असे पाहून ती वळते कोठे? तर भिंतीभिंतींवरून ज्यांच्या जाहिराती रंगविलेल्या असतात त्या चूर्णांकडे! 'पिणाऱ्याच्या नकळत जेवणातून द्या आणि दारू कायमची सोडवा' असे आश्वासन त्या देतात. शास्त्रीय मथळा आणि भिंतीवरची जाहिरात ह्यांची भाषा वेगळी असली तरी वचन एकच आहे. माणसाने काही करावयास नको, घरादाराने काही बदलावयास नको, समाजाने तर मुळीच नको. एक द्रव्य पोटात गेले की काम झाले. शास्त्राच्या नावाने हे वचन एकदा मनात रुजले म्हणजे चूर्णवाल्याला वेगळी मशागत करावी लागत नाही.

नकळत औषध देण्याची ही कल्पना किती घातक आहे, ह्याचा एक दाखला देतो. १९४८ साली डेन्मार्कमध्ये हाल्ड आणि याकोबसेन ह्या संशोधकांनी डिसल्फिराम नावाच्या द्रव्याचा एक विलक्षण गुण जगापुढे मांडला. ते शोधीत होते जंतांवरचे औषध. पण हे द्रव्य घेतलेल्या माणसाने मद्य प्यायले की त्याचा चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, मळमळते, रक्तदाब उतरतो, असे त्यांच्या ध्यानी आले. ह्या औषधाची सारी उपयुक्तता घेणाऱ्याच्या जाणतेपणात आहे. 'आज मी गोळी घेतली आहे, तेव्हा आज पिता येणार नाही' असे त्याने स्वतःला बजावावयाचे असते. तेच द्रव्य चोरून पोटात घातले तर तो उपचार न राहता सापळा होतो, आणि प्रसंगी जिवावर बेततो. औषध तेच, माणसाचे मन त्यात आहे की नाही, एवढ्यावर त्याचे अमृत किंवा विष ठरते.

आता मूळ विषयाकडे वळू. हवेत तलवार फिरविण्यापेक्षा एक नमुना समोर ठेवून बोलणे बरे. '१८-मेथॉक्सिकोरोनॅरिडिन' असे लांबलचक नाव धारण करणारे एक संयुग आहे. त्याचा पूर्वज आयबोगेन. पश्चिम आफ्रिकेतील गॅबॉन देशात आयबोगा नावाचे झुडूप होते. त्याच्या मुळाची साल तेथील ब्विती पंथाचे लोक धर्मविधीत सेवन करतात, आणि त्या सालीतले मुख्य द्रव्य ते आयबोगेन. १९६२ साली न्यूयॉर्कमधील हॉवर्ड लॉटसॉफ नावाच्या एकोणीस वर्षांच्या तरुणाने, जो स्वतः हेरॉइनच्या आहारी गेला होता, ते कुतूहलाने घेतले आणि अंमल उतरल्यावर आपली हेरॉइनची तलफच नाहीशी झाल्याचे त्यास आढळले. पुढे त्याने आपले आयुष्य ह्याच द्रव्याच्या प्रचारास वाहिले. परंतु आयबोगेन हे सौम्य प्रकरण नव्हे. त्याने भ्रम होतात, हृदयाची लय बिघडते व त्यातून मृत्यूही घडलेले आहेत. आणि मोठ्या मात्रेत ते उंदरांच्या लहान मेंदूतील पेशी नष्ट करते, असे १९९३ साली दिसून आले.

तेव्हा आयबोगेनचा गुण राखून अवगुण टाकता येईल काय, असा प्रश्न अमेरिकेतील ऑल्बनी येथील स्टॅन्ली ग्लिक आणि व्हर्मॉन्ट विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ मार्टिन क्यूने ह्यांनी हाती घेतला, आणि त्यातून हे नवे संयुग प्रयोगशाळेत तयार झाले. त्याच्या नावात जे 'कोरोनॅरिडिन' आहे, ते द्रव्य आमच्या अंगणांतून देवपूजेसाठी जी पांढरी तगर लावतात तिच्यात सापडते. (एवढ्यावरून कोणी तगरीचा काढा करावयास धावू नये! फुलझाडातले द्रव्य निराळे, प्रयोगशाळेत घडविलेले संयुग निराळे, आणि दोहोंपैकी एकही अद्याप व्यसनावरचे औषध म्हणून मान्य झालेले नाही.)

१९९६ साली ह्या संयुगाविषयीचे जे प्रयोग प्रसिद्ध झाले ते खरोखर कौतुकास्पद होते, हे आम्ही प्रथमच मान्य करतो. ते समजण्यासाठी प्रयोगाची रीत ठाऊक हवी. जेम्स वीक्स ह्यांनी १९६२ साली ती प्रसिद्ध केली. उंदराच्या शिरेत एक बारीक नळी बसवितात; पिंजऱ्यात एक दांडी असते; उंदराने ती दाबली की ठरावीक मात्रेचे मॉर्फीन आपोआप त्याच्या रक्तात शिरते. उंदीर मोकळा हिंडत असतो. घ्यावयाचे की नाही व किती वेळा, हे तोच ठरवितो. दांडी किती वेळा दाबली गेली ते यंत्र मोजते. ग्लिक ह्यांच्या प्रयोगात शरीराच्या दर किलोग्रॅम वजनास ४० मिलिग्रॅम ह्या प्रमाणात नवे संयुग टोचल्यावर उंदरांनी मॉर्फीन व कोकेन ह्या दोहोंसाठी दांडी दाबणे कमी केले. पाण्यासाठी दांडी दाबणे मात्र कमी झाले नाही. म्हणजे जनावर नुसते गळून गेले होते असे म्हणण्यास जागा उरली नाही. आयबोगेनने येणारा कंप आला नाही, लहान मेंदूतील पेशीही शाबूत राहिल्या. पुढे मद्य आणि निकोटीन ह्यांच्या बाबतीतही असाच परिणाम दिसला. मेंदूच्या अंतर्भागातील हॅबेन्युला नावाच्या लहानशा केंद्राच्या आसपास निकोटीनला प्रतिसाद देणारी एका विशिष्ट प्रकारची स्थाने दाटीने असतात; हे संयुग ती अडवून धरते आणि त्यामुळे सुखप्रेरणेच्या मार्गावरील डोपामीनचा उसळता ओघ आटोक्यात येतो, असा ह्या परिणामाचा उलगडा करण्यात आला.

हे संशोधन चोख आहे. परंतु त्याने सिद्ध काय केले? अमुक मात्रेत, अमुक काळ, अमुक पिंजऱ्यात उंदराने दांडी कमी वेळा दाबली, एवढेच. स्वतः संशोधकही आपल्या निबंधात ह्याहून फारसे अधिक बोलत नाहीत. 'सेवन घटले' ह्या मोजलेल्या गोष्टीची 'व्यसन सुटले' ही न मोजलेली गोष्ट होते ती प्रयोगशाळेच्या बाहेर आल्यावर. आज त्या पहिल्या निबंधाला पाव शतकाहून अधिक काळ लोटला. माणसांवरील प्राथमिक चाचण्यांपलीकडे हे संयुग फारसे गेलेले नाही आणि औषध म्हणून त्यास कोठेही मान्यता नाही. ह्यात संशोधकांची नामुष्की नाही. शास्त्राची वाट अशीच लांब असते. नामुष्की आहे ती पहिल्याच मैलाच्या दगडावर 'मुक्काम आला' असे लिहिणाऱ्यांची.

ह्याच संयुगाची पुढची हकीकत विचार करण्याजोगी आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत त्याने उंदरांचे साखरपाणी पिणेही कमी केले, आणि म्हणून ते लठ्ठपणावर चालेल काय अशी विचारणा सुरू झाली. वर्तमानपत्री दृष्टीने हा दुहेरी लाभ झाला! परंतु विचारी माणसाच्या मनात येथे शंकेची पाल चुकचुकावयास हवी. पाण्याची तहान शाबूत राहिली हे खरे; पण जे द्रव्य मॉर्फीनची ओढ कमी करते तेच गोडाचीही ओढ कमी करीत असेल, तर ते नेमके काय कमी करते? विषाची हाव, की सुख घेण्याची शक्ती? पिंजऱ्यातील दांडी ह्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही. हाव आवरलेला उंदीर आणि जगण्याची गोडी ओसरलेला उंदीर, दोघेही दांडी सारखीच कमी दाबतील.

ही शंका केवळ तर्कटी नाही. रिमोनाबांट ह्या दुसऱ्या एका औषधाच्या कथेने ती माणसांच्या बाबतीत खरी करून दाखविली आहे. भांगेतील द्रव्य मेंदूतील ज्या स्थानांवर काम करते, ती स्थाने हे औषध बंद करते. प्रयोगशाळेत त्याचा पराक्रम थोर होता : जनावरांचे मद्य घटले, निकोटीन घटले, गोडधोड खाणेही घटले. २००६ साली युरोपात ते लठ्ठपणावरील औषध म्हणून बाजारात आले. ज्या मद्यपींवर त्याची चाचणी घेतली त्यांच्या बाबतीत मात्र ते औषधी गुण नसलेल्या पोकळ गोळीहून सरस ठरले नाही. इकडे औषध घेणाऱ्यांत खिन्नता, घबराट, निद्रानाश ह्यांच्या तक्रारी वाढू लागल्या. २००७ साली अमेरिकेतील तज्ज्ञ-समितीने एकमुखाने त्याच्या विरुद्ध कौल दिला. ऑक्टोबर २००८ मध्ये युरोपीय औषध-संस्थेने, ह्या औषधाने मनोविकारांचा धोका जवळजवळ दुप्पट होतो असे नमूद करून विक्री थांबविण्याची शिफारस केली, आणि २००९ च्या आरंभी तेथील परवानगी गेली. आपल्याकडेही ते विकले जात होते. डिसेंबर २००९ मध्ये भारत सरकारने त्यावर बंदी घातली. उंदराच्या यंत्राने मोजले ते खोटे नव्हते. सेवन खरोखरच घटले होते. पण त्याबरोबर आणखी काय घटले, हे विचारावयाचे राहून गेले. उंदीर आपण खिन्न झालो असे सांगत नाही. आणि त्याच्या मौनालाच आरोग्याचे प्रमाणपत्र समजण्यात आले.

सध्या ह्याच धर्तीचा गाजावाजा सेमाग्लुटाइड ह्या मधुमेहावरील व वजन घटविणाऱ्या औषधाविषयी चालू आहे. त्याने उंदरांचे मद्यपान घटते, ह्यात वाद नाही. २०२५ साली ४८ माणसांवरील नऊ आठवड्यांची एक चाचणी प्रसिद्ध झाली. तीत मद्याची तलफ कमी झाली आणि पिण्याच्या दिवशी पिण्याचे प्रमाणही उतरले. पण पिण्याच्या दिवसांची संख्या मात्र पोकळ इंजेक्शन घेणाऱ्यांच्या मानाने विशेष घटली नाही. शिवाय ही माणसे व्यसन सोडविण्यासाठी उपचार मागावयास आलेली नव्हती. हा निष्कर्ष आशाजनक आहे, ह्याहून मोठ्या चाचण्यांस तो पात्र आहे, आणि त्या चाचण्या व्हाव्यात. पण 'प्रमाण उतरले, दिवस तेवढेच राहिले' ह्या प्रामाणिक वाक्याचा 'दारू सोडविणारे इंजेक्शन' असा अनुवाद करणाऱ्यास आम्ही शास्त्राचा प्रचारक म्हणणार नाही.

आता आम्ही पिंजऱ्याकडेच पुन्हा पाहण्याची विनंती करतो. कारण आमच्या मते ह्या वादाचा निकाल उंदरांनीच दिलेला आहे, फक्त तो मथळ्यांत येत नाही. वर जो प्रयोग वर्णिला त्यात उंदरापुढे एकच दांडी असते. घ्या किंवा घेऊ नका, तिसरी वाट नाही. ज्या जिवाला करावयास दुसरे काही ठेवलेच नाही, त्याने ती एकच दांडी पुनःपुन्हा दाबली तर त्यात द्रव्याची मोहिनी किती आणि पिंजऱ्याची रिकामी जागा किती? फ्रान्समधील बोर्दो येथे सर्ज अहमद आणि त्यांचे सहकारी ह्यांनी २००७ साली उंदरांपुढे दोन दांड्या ठेवल्या : एकीने कोकेन मिळे, दुसरीने सॅकरिनचे गोड पाणी. शंभरातील ९४ उंदरांनी गोड पाणी पसंत केले. २०१८ साली अमेरिकेतील बॉल्टिमोर येथे मार्को व्हेनिरो, यावीन शाहम व त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्याहून पुढचे पाऊल टाकले. तेथे एका दांडीने मादक द्रव्य मिळे, तर दुसरीने शेजारच्या कप्प्याचे दार उघडून दुसऱ्या उंदराची सोबत मिळे. मादक द्रव्याची सवय जडलेल्या उंदरांनीही जवळजवळ नेमाने सोबतीचे दार निवडले. दार उघडावयास फार उशीर लावला, किंवा सोबतीबरोबर वेदनाही दिली, की मात्र ते पुन्हा द्रव्याकडे वळले.

हे शेवटचे वाक्य वाचकांनी दोनदा वाचावे अशी आमची इच्छा आहे. सोबतीचे दार उशिरा उघडले, किंवा उघडताना यातना झाल्या, की जीव पुन्हा विषाकडे वळतो. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी राम गणेश गडकऱ्यांनी 'एकच प्याला' मध्ये दाखविले ते ह्याहून निराळे काय होते? सुधाकर एकदा मद्य सोडतो. निश्चय करून, लाज गिळून, तो आपल्या जुन्या प्रतिष्ठित परिचितांकडे उदरनिर्वाहाचे काही साधन मागावयास जातो. आणि जे पीत नाहीत ते सभ्य गृहस्थच त्याची अवहेलना करून त्यास परत पाठवितात. मग तो पेल्याकडे परततो. त्या वेळी त्यास एखादे संयुग टोचले असते तर कदाचित त्याची तलफ चार दिवस दबली असती. पण जे दार त्याच्या तोंडावर लावले गेले ते कोणत्या संयुगाने उघडले असते? उंदराला नोकरी नाकारणारा कोणी नसतो, त्याची सनद कोणी काढून घेत नाही, चारचौघांत त्यास कोणी 'दारुड्या' म्हणत नाही. म्हणूनच त्याच्यावर औषधाचा गुण स्वच्छ दिसतो, आणि म्हणूनच तेवढ्यावरून माणसाविषयी निकाल देता येत नाही.

नाटकाचा पुरावा कोणास पटत नसेल तर लोकगणतीचा घ्यावा. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकन सैनिकांत हेरॉइनचे व्यसन फार फैलावले होते. १९७१ साली मायदेशी परतलेल्या सैनिकांची ली रॉबिन्स ह्या संशोधक विदुषीने पाठपुरावा करून पाहणी केली. तिकडे जे व्यसनी झाले होते त्यांपैकी परतल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनी झालेले सुमारे ५ टक्के भरले. तीन वर्षांच्या अवधीतही हा आकडा १२ टक्क्यांच्या आसपासच राहिला. ज्या परिस्थितीत सवय जडली ती परिस्थिती समुद्रापलीकडे राहिली, म्हणून हे घडले. आमच्याकडील मद्यपीची स्थिती नेमकी उलटी असते. तो उपचारकेंद्रातून बरा होऊन येतो तो त्याच गल्लीत, त्याच सोबत्यांत, त्याच कर्जात आणि त्याच अविश्वासात. सैनिक पिंजरा सोडून घरी आला. आमचा माणूस घर सोडून पिंजऱ्यात परततो.

येथपर्यंत वाचून दोन निरनिराळ्या बाजूंनी आमच्यावर हल्ला होईल हे आम्ही जाणून आहो. पहिला आक्षेप असा की, आम्ही संशोधनाचे वैरी आहो. तसे नाही. नाल्ट्रेक्सोन ह्या औषधाने काय होऊ शकते ते जगाने पाहिले आहे. अफूवर्गातील द्रव्यांची मेंदूतील स्थाने अडविणाऱ्या ह्या औषधाने आधी जनावरांचे मद्यपान घटले. मग १९९२ साली ७० मद्यपींवरील बारा आठवड्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात औषध घेणाऱ्यांपैकी २३ टक्के माणसे पुन्हा पिण्याच्या आहारी गेली, तर पोकळ गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे ५४ टक्के. १९९४ साली अमेरिकेत त्यास मद्यव्यसनावरील औषध म्हणून मान्यता मिळाली. हा पिंजऱ्यापासून माणसापर्यंतचा प्रवास पूर्ण झालेला आहे, आणि आम्ही त्यास मनःपूर्वक नमस्कार करतो. पण ह्याही औषधाचे खरे माप पाहावे. अनेक चाचण्या एकत्र करून २०१४ साली काढलेल्या हिशेबाप्रमाणे, एका माणसास बेसुमार पिण्याकडे परतण्यापासून वाचविण्यासाठी सुमारे बारा माणसांस हे औषध द्यावे लागते. बारांत एक! ज्याच्या घरचा तो एक असेल त्यास त्याचे मोल पुसावे. पण उरलेल्या अकरांना काय सांगणार? आणि विसरू नये की, १९९२ च्या त्या चाचणीत गोळी एकटी नव्हती. दोन्ही बाजूंच्या माणसांस उपचारकेंद्रातील मार्गदर्शन व सहवास लाभत होता.

दुसरा आक्षेप येणार नाही, उलट टाळी येईल, आणि तिची आम्हांस अधिक भीती वाटते. नीतीचे काही उपदेशक म्हणतील, 'आम्ही तरी दुसरे काय सांगत होतो? औषधाने व्यसन सुटत नसते, मनाचा निग्रह हवा.' ह्या मंडळींच्या पंक्तीस बसण्याची आमची मुळीच इच्छा नाही. ज्याच्या मेंदूतील मार्गच बदलले आहेत त्यास केवळ निग्रहाचा उपदेश करणे म्हणजे पाय मोडलेल्यास चालण्याचे महत्त्व समजावून सांगणे होय. मथळेवाला सारा भार गोळीवर टाकतो, उपदेशक सारा भार रुग्णाच्या मनावर टाकतो. आणि दोघेही मिळून एका पक्षास साफ मोकळे सोडतात. तो पक्ष म्हणजे आपण : दार उघडणारे किंवा लावणारे, काम देणारे किंवा नाकारणारे, लग्नकार्यात त्यास बोलावणारे किंवा टाळणारे. पुण्यास १९८६ साली डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट ह्यांनी 'मुक्तांगण' सुरू केले. तेथे औषधोपचार आहेतच. पण रुग्णाच्या कुटुंबीयांनाही उपचारात ओढून घेण्याची जी रीत तेथे पडली, तिच्यामागे हेच शहाणपण आहे. औषध तलफेची धार बोथट करील. त्या मिळालेल्या उसंतीत माणसापुढे दुसरी दांडी कोणी ठेवावयाची, हा प्रश्न औषधाचा नव्हे.

तेव्हा ह्यापुढे असा मथळा दिसला की वाचकांनी तीन प्रश्न विचारावेत, अशी आमची सूचना आहे. पहिला : कोणाचे सेवन घटले, उंदराचे की माणसाचे, आणि किती काळ? दुसरा : त्या द्रव्याबरोबर आणखी काय घटले? अन्नाची, खेळाची, सोबतीची गोडी शाबूत राहिली काय? तिसरा : त्या जिवापुढे दुसरी काही निवड होती काय, आणि औषध थांबल्यावर त्याने काय निवडले? ह्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मजकुरात असतील तर ती वार्ता आदराने जपून ठेवावी. नसतील तर मथळा वाचून कागद बाजूस सारावा, आणि घरातील दुःखी माणसाच्या हाती तो पडू देऊ नये. संपादकांसही आमची विनंती आहे की, 'उंदरांनी मद्य कमी प्यायले' हे वाक्य त्यांनी तसेच छापावे. ते कमी आकर्षक आहे खरे; पण खरे आहे.

संशोधक पिंजऱ्यात दुसरी दांडी बसवू लागले आहेत, ही आम्हांस अलीकडच्या काळातील सर्वांत आशादायक घटना वाटते. शास्त्राने स्वतःचा प्रश्न सुधारून घेतला. 'हा जीव विष किती घेतो?' एवढेच न विचारता 'विषाऐवजी त्यास काय मिळाले तर तो ते घेईल?' असे त्याने विचारले, आणि उंदराने उत्तर दिले : सोबत, ती वेळेवर आणि वेदनेवाचून. उंदरास जे कळले ते कळण्यासाठी सुशिक्षित समाजास आणखी एका संयुगाची वाट पाहावी लागू नये.